गुरुवारचा फळा

इंदापूर,
ता. १० ऑगस्ट १९३६

रा. रा. सावळाराम विठोबा हिंगणे,
घड्याळे, सायकली व फोनोचे दुकान, बारामती यांस,
स. न. वि. वि.

आपली माझी ओळख नाही, तरी पत्र लिहिण्याचे धाडस करीत आहे. मी येथील मुलींच्या शाळेत शिक्षिका आहे आणि वडिलांकडे, दत्तोबा बोराटे यांच्याकडे, राहते. आमच्या गावच्या ठमाबाई भोंग यांच्या घरी फोनो आहे. त्यांचा गडी आपल्या दुकानातून तबकड्या आणतो. त्याच्याकडून कळले की, दर गुरुवारी बाजाराच्या दिवशी आपण दुकानाबाहेर फळा लावता आणि लोकांनी त्या आठवड्यात सर्वांत अधिक मागितलेल्या दहा तबकड्यांची नावे त्यावर ओळीने लिहिता.

त्या यादीत चंद्राबाई तासगावकर यांची 'नदीपल्याड दिवा लागला' ही तबकडी आहे काय आणि असल्यास कितव्या क्रमांकावर, एवढे कळवावे. माझा पत्ता घातलेली काही कार्डे सोबत आहेत. दर शुक्रवारी एक टपालात टाकावे. अधिक लिहिण्याचे श्रम घेऊ नयेत.

आणखी एक. तबकडीवर गाणारणीचे नाव आहे, पेटी वाजवणाराचे नाही. ते आपणांस ठाऊक आहे काय?

कळावे,
कुशाबाई


बारामती,
ता. १४ ऑगस्ट

कुशाबाई मास्तरीण यांस सावळारामचा रामराम.

सौभाग्यवती लिहायचं का श्रीमती ते ठाऊक न्हाय, म्हणून नुसतं नाव लिहिलं. राग मानू नये. मी मराठी चौथी शिकलेला माणूस, बोलतो तसंच लिहितो. मास्तरणीनं चुका काढत बसू नये.

तुमची चंद्राबाई नवव्या नंबरावर हाय. मागल्या गुरुवारी ती फळ्यावर नव्हतीच. म्हंजे नवी आली आणि एकदम आत शिरली.

तुमी पुसलं न्हाय तरी सांगतो, कारण फळ्याबद्दल कागद लिहून इचारणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं. बाजाराला आलेली माणसं दुकानाच्या पायरीवर बसत्यात आणि 'अमकं लावा, तमकं लावा' म्हणत्यात. घेणारी थोडी, ऐकणारी फार. कुणी गाणं मागितलं की मी वहीत त्या गाण्याफुडं एक रेघ मारतो. एका माणसाची एका गुरुवारी एकच रेघ, मग तो पाटील असो का हमाल. सांजच्याला रेघा मोजून फळा लिहितो. पहिल्यानं गंमत हुती. आता माणसं आधी फळा बघत्यात आणि मग मिरचीचा भाव. पैजा लागत्यात. मागं एकानं पहिला नंबर फिरवायला मला गुळाची ढेप आणली हुती, ती परत धाडली.

पेटीवाल्याचं नाव कंपनी छापत न्हाय. तबलजीचंही न्हाय. गाणारणीचं नाव तेवढं छापायचं अशी त्यांची रीत हाय.

सावळाराम


इंदापूर,
ता. २४ ऑगस्ट

रा. रा. सावळारामजी यांस,
स. न. वि. वि.

दोन्ही आठवड्यांचं कळलं. नवव्यावरून सातव्यावर. आपण कार्ड न वापरता पाकीट का पाठवता ते कळत नाही, पण आता पाठवलंच आहे तर मीही चार ओळी अधिक लिहिते.

ही तबकडी मी ठमाबाईंकडे नागपंचमीच्या हळदीकुंकवाला ऐकली. बाया बोलत होत्या, बांगड्यांचा आवाज होता, माझं लक्षही नव्हतं. गाणं सुरू व्हायच्या आधी पेटी एकटीच थोडी वाजते. सूर वर चढत जातात, एका सुरावर पेटी जराशी थांबते, अगदी डोळा मिटून उघडावा एवढीच, आणि मग खाली उतरते. तिथं माझ्या हातातली वाटी खाली पडली. ठमाबाईंना मी तीनदा तबकडी लावायला लावली. त्या म्हणाल्या, "मास्तरीणबाई, गाणं ऐकताय का पाठ करताय?"

असं थांबणारा एक पेटीवाला माझ्या ओळखीचा होता. त्यांच्या जुन्या पेटीची एक पट्टी दाबली की चटकन वर येत नसे, म्हणून त्यांना तिथं थांबायची सवय लागली होती. गेली आठ वर्षं ते कुठं आहेत हे मला माहीत नाही. हेच ते असतील तर निदान जिवंत आहेत, एवढं कळेल.

कळावे,
कुशाबाई


बारामती,
ता. २८ ऑगस्ट

कुशाबाई यांस रामराम.

चवथा नंबर! सांजच्याला नाव लिहिताना माझाच हात जरा नेटानं चालला.

तुमचं पत्र आल्यावर दुकान बंद करून मी ती तबकडी सावकाश ऐकली. इतके दिवस विकतोय पण ते थांबणं ध्यानात आलं नव्हतं. आता दुसरं काही ऐकूच येत न्हाय. पेटीवाले तुमचे बंधू असावेत असं मला वाटतं. भनीलाच येवढं बारीक ध्यानात ऱ्हातं.

आता कामाची गोष्ट. कंपनीचे फिरते एजंट बापूसाहेब महिन्याला पुण्याहून येत्यात. बारामती, फलटण आणि बार्शी अशा तीन दुकानांच्या याद्या ते उतरून घेत्यात. ते म्हणाले, चंद्राबाई नवी हाय, कंपनीला अजून भरवसा न्हाय. दसऱ्याच्या आधीच्या गुरुवारी तिन्ही गावांत ती पहिल्या पाचात असली तर दिवाळीला तिचा सगळा ताफा गावोगावच्या दुकानांत गायला धाडतील, आणि दुसरी तबकडीही काढतील. नसली तर तिचा आणि ताफ्याचा करार तिथंच संपला. मग कोण कुठं जाईल ते कंपनीला पण सांगता यायचं न्हाय.

ताफ्यात पेटीवाला असतोच. तवा आता तुमच्यासंगं मी पण गुरुवारची वाट बघणार.

सावळाराम


इंदापूर,
ता. ७ सप्टेंबर

रा. रा. सावळारामजी यांस नमस्कार.

आपलं पत्र वाचल्यापासून माझं चित्त ठिकाणावर नाही. परवा चौथीच्या मुलींना मी बेरीज घालून उत्तर वजाबाकीचं मागितलं. त्या हसल्या, मीही हसले.

गुरुवारी सगळा बाजार नजरेसमोर येतो. आता कुणी पायरीवर बसलं असेल, आता कुणी गाणं मागितलं असेल. शुक्रवारी तुम्ही पत्र टाकता ते मला शनिवारी मिळतं. तोवर टपालवाल्या आप्पांना मी दोनदा हाक मारलेली असते. ते म्हणतात, "बाई, येवढं कुणाचं काय येतंय बारामतीहून?"

सहावा क्रमांक झाला म्हणता. उतरू लागलं का?

कुशाबाई


बारामती,
ता. १८ सप्टेंबर

कुशाबाई यांस रामराम.

खोटा धीर देत न्हाय. आठवा नंबर. नव्या दोन तबकड्या आल्यात, एक लावणीची आणि एक नाटकातली. लावणीनं सगळ्यांना खाली रेटलंय. गाण्याचं असंच असतं, चार आठवडे डोक्यावर घेत्यात आणि मग इसरून जात्यात.

पण एक उपाव सुचला. बापूसाहेब पहिल्या तारखेला येणार. पेटीवाल्याचं नाव कळलं तर मी त्यांनाच पुसतो. मग फळ्याची वाट बघायलाच नको. तुमच्या बंधूंचं नाव लिहून धाडा.

कऱ्हाटीचे एक म्हातारे दर गुरुवारी येऊन तेच गाणं मागत्यात. त्यांची रेघ हाय तवर गाणं फळ्यावर हाय असं मी समजतो.

सावळाराम


इंदापूर,
ता. २४ सप्टेंबर

रा. रा. सावळारामजी यांस,

ते माझे बंधू नाहीत. तुम्ही तसं समजलात आणि मी तसं राहू दिलं, ही माझी चूक.

त्यांचं नाव मी तोंडानं कधी घेतलेलं नाही. लिहायला तरी काय हरकत आहे, असं मनाशी म्हणून चार कागद फाडले, हा पाचवा. झुंबर गोविंद राऊत. राहणार पळसदेव. माझे यजमान.

आता बाकीचंही लिहिते. आमचं शेत भीमेच्या काठावर, देवळाच्या अलीकडं. ते जलशात पेटी वाजवायचे, गावोगाव बोलावणं असायचं. आम्हाला एक मुलगी झाली. अकरा महिन्यांची असताना तिला ताप भरला. तेव्हा ते जलशाबरोबर कऱ्हाटीला गेले होते. मी निरोपावर निरोप धाडले. ते आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. ते अंगणात पेटी खाली ठेवत होते आणि मी म्हणाले, "ती पेटी ह्या घरात पुन्हा आणू नका." त्यांनी पेटी उचलली आणि तसेच गेले. मी पेटीला बोलले होते, सावळारामजी. त्यांना नव्हते बोलले. पण पेटी त्यांच्या खांद्यावर होती.

सासरी मग राहणं झालं नाही. बाबांनी मला आणलं, पुण्याला ट्रेनिंगला घातलं. लोक नावं ठेवत होते तेव्हा ते म्हणाले, "पोरगी रडत बसण्यापरीस शिकंल." आज माझ्या वर्गात बत्तीस मुली आहेत.

मला त्यांना परत आणायचं आहे असं नाही. आणायचं नाही असंही नाही. मी त्या दिवशी जे बोलले ते मागं घ्यायचं आहे. एकदा समोर उभं राहून. त्याकरता आठ वर्षं थांबले आहे.

कुशाबाई


बारामती,
ता. २ ऑक्टोबर

सौ. कुशाबाई यांस रामराम.

पत्र पोचलं. वाचून वाईट वाटलं.

या गुरुवारी गाणं फळ्यावर न्हाय. अकरावं हुतं. बापूसाहेबांकडून काही कळलं न्हाय.

सावळाराम


इंदापूर,
ता. ६ ऑक्टोबर

रा. रा. सावळारामजी यांस,

एवढं लहान पत्र तुम्ही कधी लिहिलं नव्हतंत. मी माझ्या घरातलं इतकं लिहायला नको होतं, असं आता वाटतं.

तरी एक मागणं मागते. रागावू नका. फळा तुमचा आहे, खडू तुमचा आहे. दसऱ्याआधीच्या एका गुरुवारी पाचवं नाव तुम्ही ते लिहिलंत तर कुणाचं काही बिघडणार नाही. वही कोण बघतं?

हे लिहिताना मला माझीच शरम वाटते आहे. मुलींनी पाटीवर खोटं उत्तर लिहिलं तर मी त्यांना उभं करते. पण लिहिलं आहे ते खोडत नाही.

कुशाबाई


बारामती,
ता. ९ ऑक्टोबर

कुशाबाई यांस रामराम.

मी रागावलेलो न्हाय. पण ते करणार न्हाय. ज्याची ढेप परत धाडली तो माणूस अजून दर गुरुवारी फळ्यापुढं उभा ऱ्हाऊन वाचतो, कारण त्याला ठाऊक हाय की हितं लबाडी न्हाय. तुमच्यासाठी केली तर मला उद्या तुमालाच काही खरं सांगता यायचं न्हाय.

पण रेघ कुणीही मारून घेऊ शकतो. माणूस मातर खरं पायजे, आणि त्यानं पायरीवर येऊन मागितलं पायजे. ठमाबाईंना हे सांगून बघा.

सावळाराम


बारामती,
ता. २३ ऑक्टोबर

कुशाबाई यांस रामराम.

काल काय झालं ते तुमच्या ठमाबाईंनी सांगितलं असंलच, पण माझ्याकडून ऐका.

दुपारी सर्व्हिसची मोटार दुकानाम्होरं थांबली आणि आतनं एकवीस बाया उतरल्या. सगळ्यांत पुढं ठमाबाई. सारा बाजार बघाया लागला. माझ्या पायरीवर बाई कधी बसली न्हाय. पुरुष उठून बाजूला झाले. ठमाबाई बसल्या आणि म्हणाल्या, "हिंगणे, चंद्राबाईचं ते नदीचं गाणं लावा. ही माझी रेघ." गाणं संपलं की दुसरी बाई म्हणायची, "आता माझी." मी म्हटलं, "बाई, एकदाच लावतो, रेघा सगळ्यांच्या मारतो." तर छबूबाई म्हणून कुणी हुत्या, त्या म्हणाल्या, "वा! मोटारीत कंबर मोडून आलो ते एकदा ऐकायला व्हय?" एकवीस वेळा लावलं. सुई दोनदा बदलली. शेवटी शेवटी बाजारातली माणसंच गाऊ लागली. हमालांनी पण मागितलं, कऱ्हाटीचे म्हातारे तर हुतेच.

तिसरा नंबर. खरा.

फळा लिहिताना मी तुमाला त्या बायांत बघत हुतो. एकीला पुसलं, तर म्हणाली, "मास्तरणीला रजा मिळाली न्हाय."

सावळाराम


बारामती,
ता. २७ ऑक्टोबर

कुशाबाई यांस,

बापूसाहेबांची तार आली. फलटण आणि बार्शीलाही गाणं पहिल्या पाचात आलं. चंद्राबाईंचा ताफा गुरुवारी, पाच नोव्हेंबरला, दुपारच्या गाडीनं दौंडाहून येणार. दुकानाम्होरं मांडव घालून तीन वाजता गाणं. सांजच्या गाडीनं परत. संगं तबलजी आणि पेटीवाले झुंबर मास्तर. व्हय, तेच.

आता जे लिहितो ते वाचून तुमी हे पत्र फाडलं तरी चालंल. बापूसाहेब पहिल्या तारखेला आले तवाच त्यांनी मला हे नाव सांगितलं हुतं. पत्ताही दिला हुता, पुण्याचा. तो कागद आज सव्वीस दिवस माझ्या गल्ल्याच्या खणात हाय. तुमाला लिहिलं की काही कळलं न्हाय, ते खोटं हुतं. तुमी फळ्यासाठी झुरत हुता, बायांना गोळा करत हुता, आणि मी त्या खणाला कुलूप लावत हुतो.

आणखी एक लपवलं. ते आणि चंद्राबाई एका घरात ऱ्हात्यात. पाच वर्षं झाली. बापूसाहेब म्हणाले, नवराबायकोच धरा. तुमाला हे कसं सांगायचं ते कळलं न्हाय, हे एक कारण. दुसरं कारण माझं मला ठाऊक हाय आणि ते लिहायचा मला हक्क न्हाय.

पत्ता सोबत धाडला हाय.

सावळाराम


इंदापूर,
ता. ३१ ऑक्टोबर

रा. रा. सावळाराम हिंगणे यांस,

पत्ता मिळाला. गुरुवारी रजा काढली आहे.

कुशाबाई


इंदापूर,
ता. ८ नोव्हेंबर १९३६

रा. रा. सावळारामजी यांस,

गाणं संपल्यावर तुम्ही मांडव उतरवायच्या निमित्तानं मागं थांबलात आणि मला स्टेशनकडं जाऊ दिलंत, ते मी पाहिलं. तिथं काय झालं ते तुम्हाला सांगणं लागतं असं नाही. पण दुसऱ्या कुणाला सांगू?

मांडवात मी बायांच्या बाजूला मागं बसले होते. त्यांच्याकडं आता नवी पेटी आहे. पट्टी अडकत नाही. तरी ते तिथं थांबले. केस निम्मे पांढरे झालेत. त्यांना खोकला आला की चंद्राबाई गाता गाता तान लांबवत होत्या, म्हणजे पेटी चुकली तरी लोकांना कळू नये.

स्टेशनवर ते बाकावर बसले होते. आधी चंद्राबाईंनीच मला बघितलं. "कोण पायजे, बाई?" म्हणाल्या. तेव्हा शेजारी बसलेल्या त्यांनी मान वर केली.

"कुशे, तू हितं?"

"इंदापुरात मास्तरीण हाय मी," एवढंच मी बोलले. घरची बोली एकदम तोंडात आली.

"ऐकलं हुतं," ते म्हणाले.

सावळारामजी, त्यांनी ऐकलं होतं! मी मनाशी समजत होते की मी कुठं गेले हे त्यांना कळलं नसेल, म्हणून ते आले नसतील.

मग मी जे सांगायला गेले होते ते सांगितलं. "त्या दिवशी मी तसं बोलाया नको हुतं. मी पेटीला बोलले, तुमाला न्हाय." हे एवढं वाक्य मी आठ वर्षं घोटत होते.

ते फलाटाकडं बघू लागले. मग म्हणाले, "तू बोललीस म्हणून मी गेलो न्हाय, कुशे. मला जायचंच हुतं. पोरगी हुती म्हणून थांबलो हुतो. तू तसं बोललीस तवा मला उलट सुटल्यावानी झालं. त्याची लाज वाटती, म्हणून कधी कागद धाडला न्हाय."

चंद्राबाई उठून नळाकडं गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. आधी मला दिला. मी पाणी प्याले. मला रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. जे वाक्य मी इतकी वर्षं उराशी धरून जागले, ते त्यांना लागलंच नव्हतं. माझं दुःख मी एकटीनंच केलं होतं.

"पोरीचं नाव आठवतंय का?" मी विचारलं.

"भीमा," ते म्हणाले आणि रडले. मी नाही, तेच रडले. चंद्राबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या घटकेला मला कळलं की ह्या माणसाला घर आहे.

"काय देऊ तुला?" त्यांनी विचारलं.

"लिहून द्या. मोकळं करा मला," मी म्हणाले. हे मी घरून ठरवून गेले नव्हते. तिथंच सुचलं. स्टेशनातून कागद मागून आणला. माझ्या पेन्सिलीनं त्यांनी सोडचिठ्ठी लिहिली, त्यांच्या तबलजींनी आणि चंद्राबाईंनी साक्षी घातल्या. चंद्राबाईंची सही मोठ्या, वाकड्या अक्षरांत आहे. गाडी सुटली तेव्हा ते दारात नव्हते. चंद्राबाई होत्या, आणि वळणापर्यंत त्या माझ्याकडं बघत होत्या.

आता तुमच्याविषयी. मला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही. ते सव्वीस दिवस मला परत मिळणार नाहीत. मी विनवणी केली तरी तुम्ही फळ्यावर एक नाव खोटं लिहिलं नाहीत. मग पत्रात का लिहिलंत? हे मला समजत नाही.

यापुढं यादी पाठवू नका. आता तिची गरज नाही.

कुशाबाई


बारामती,
ता. २० नोव्हेंबर

कुशाबाई यांस रामराम.

यादी धाडत न्हाय. तुमच्या इचारण्याला उत्तर देतो आणि थांबतो.

फळा साऱ्या बाजाराचा हाय. त्यावर खोटं लिहिलं तर साऱ्यांना फसवलं असतं. पत्र मातर माझ्या एकट्याचं हुतं. माझी बायको सारजा चार वर्षांखाली विषमज्वरानं गेली. तवापासनं मला बोलणारी माणसं लई हायत. दिसभर घड्याळं, सायकली, गाणी, गर्दी. पण सारजा गेल्यावर 'तुमचं काय चाललंय' असं मनापासनं कुणी पुसलं न्हाय. तुमी पण पुसलं न्हाय म्हणा, तुमी गाण्याचंच पुसत हुता. तरी मंगळवारी तुमचा कागद यायचा, आणि मी तो दुपारी जेवताना वाचायचो. एकट्यानं जेवायची सवय मोडली हुती. पत्ता धाडला असता तर कागद यायचे बंद झाले असते. एवढीच गोष्ट हाय. लहान हाय आणि वाईट हाय.

तुमाला मोकळं व्हायचं हुतं ते झालात. त्यात माझा काही वाटा असंल तर तो फळ्याचा, माझा न्हाय.

मुलींना आशीर्वाद. चुका माफ असाव्यात.

सावळाराम


इंदापूर,
ता. ४ जानेवारी १९३७

रा. रा. सावळारामजी यांस नमस्कार.

उत्तर द्यायला सहा आठवडे लागले. रोज लिहायचं म्हणत होते.

परवा मोटारस्टँडजवळच्या हॉटेलात ते गाणं लागलं होतं. मी रस्त्यात उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं. पेटी थांबली तिथं काळीज अजून हलतं. हलू दे. मग मी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि घरी आले.

एक गोष्ट मात्र घडली आहे, ती तुम्हाला सांगायला हवी. शनिवारी आप्पा टपाल घेऊन आले की मी अजून दारात जाते. आधी मला वाटलं, इतकी वर्षं वाट बघितली, त्याचं हे अंगवळण आहे, जाईल. पण स्टेशनवर त्यांचं सगळं कळलं, सोडचिठ्ठीचा कागद हातात आहे, यादी यायची बंद झाली आहे, आणि तरी मी दारात जाते. आप्पा मान हलवून पुढं जातात. मागच्या शनिवारी ते पुढं गेल्यावर मी उंबऱ्यावर बसून राहिले. मी कुणाच्या पत्राची वाट बघत होते ते मला तिथं कळलं.

तुमच्यावरचा राग गेला आहे असं नाही. निम्मा गेला आहे. उरलेला तोंडावर काढायचा आहे, पत्रात तो नीट उतरत नाही.

तुमचं काय चाललंय? दुपारी जेवता का वेळेवर? हे मी आता विचारते आहे, उशिरा का होईना.

बाबांना सगळं सांगितलं, सव्वीस दिवसांसकट. ते म्हणाले, "चुकला आणि आपणहून सांगितलं म्हणतीस. मानूस बघू दे तरी."

रविवारी इंदापूरचा बाजार असतो आणि शाळेला सुट्टी असते. बारामतीची मोटार अकराला येते. मी स्टँडवर असेन. या.

कुशाबाई